दोन मौजांमधली फट

नागपूरच्या दक्षिणेचा एक नाला मी पुसून टाकला. जेसीबी लावून नाही, भराव टाकून नाही. ती कामं नंतर इतरांनी केली. मी तो टेबलाशी बसून, डाव्या हाताच्या दोन बोटांनी एक कागद जरासा सरकवून पुसला, आणि त्या दिवशी साहेबांनी माझी पाठ थोपटली.

निवृत्त माणसानं दिवाळी अंकात लिहायचं म्हणजे गमतीचे किस्से हवेत, हे मला कळतं. माझ्याकडे ते आहेतही. पण गेल्या वर्षभरात जे घडलं, त्यानं पंचाहत्तरी ओलांडलेल्या या माणसाला असं काही हलवून सोडलं, असं काही पळायला लावलं, की ते सांगितल्याशिवाय दुसरं काही सुचतच नाही. त्यातली माझी बाजू झाकून ठेवण्यात बरीच वर्षं गेली. आता ती उघडी करतो.

आधी धंदा समजावून सांगतो. शहर नियोजनाच्या कार्यालयात मी अनुरेखक म्हणून लागलो. अनुरेखक म्हणजे ट्रेसर: एका नकाशावर पारदर्शक कापड अंथरून खालची रेघ न रेघ शाईनं वर उतरवणारा माणूस. पुढे आरेखक झालो. शहराचा विकास आराखडा म्हणजे पुढच्या वीस वर्षांत कुठल्या जमिनीवर काय करता येईल, याचा रंगीत नकाशा. घरांना पिवळा, कारखान्यांना जांभळा, शेतीला आणि बगीच्यांना हिरवा. नदीनाल्यांना निळी रेघ. तिच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतर सोडून बांधकाम करायचं, पुराचं पाणी जिथवर चढतं तिथं घराला परवानगी द्यायची नाही, असे नियम असतात. नियम चांगलेच असतात. पण सगळे नियम रेघेला लटकलेले असतात. रेघच नसेल तर नियम कशाला लटकणार?

लोकांना वाटायचं, रंग आमच्याच मर्जीनं भरले जातात. एकदा उमरेडच्या बसनं आलेला एक शेतकरी तुरीच्या शेंगांची पिशवी टेबलावर ठेवून म्हणाला, "साहेब, माझं वावर तेवढं पिवळं करून द्या ना जी."

मी म्हटलं, "भाऊ, रंग ठरवणं माझ्या हातात नाही."

तो माझ्या रंगांच्या डबीकडे बघून म्हणाला, "काहून खोटं बोलता? डबी तं तुमच्याच हाती हाय!"

मी खूप हसलो होतो. माझ्या डबीत किती ताकद होती, हे मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं.

आता ती फट. आराखडा करताना पाया म्हणून प्रत्येक मौजाचा, म्हणजे गावाचा, जुना नकाशा घ्यायचा आणि शेजारशेजारच्या मौजांचे नकाशे एकमेकांना जुळवून मोठा नकाशा तयार करायचा. हे जुने नकाशे कापडावर चिकटवलेले, कित्येक पावसाळे पाहिलेले. कागद आकसलेला असायचा, कडा वळलेल्या असायच्या. त्यामुळे दोन मौजांच्या हद्दी शेजारी ठेवल्या की मध्ये बारीक फट राहायची. ती कागदाची फट, जमिनीची नव्हे, असं आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं जायचं. फट दिसली की मिटवायची. कागद हलकेच सरकवायचा, हद्दीला हद्द भिडवायची आणि वरून शाई फिरवायची. ज्याच्या जुळणीत फट दिसत नाही तो चांगला अनुरेखक. मी फार चांगला अनुरेखक होतो.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी शहराच्या दक्षिणेकडच्या बेसा गावाजवळचे दोन मौजे माझ्या टेबलावर आले. तेव्हा तिकडे सगळी शेतीच होती. दोन्ही नकाशे जुळवले तर मध्ये जरा मोठी फट राहिली. गव्हाचा एक दाणा आडवा मावेल एवढी. वर एका मौजात मारुतीचं देऊळ, खाली दुसऱ्या मौजात एक विहीर, आणि मधोमध ही रिकामी पट्टी. मी कागद सरकवला, पट्टी मिटवली, हद्दीची रेघ इतकी सुंदर ओढली की साहेबांनी इतरांना बोलावून दाखवली.

गव्हाच्या दाण्याएवढी ती पट्टी म्हणजे शिंदीचा नाला होता. दोन्ही काठांना शिंदीची झाडं, म्हणून ते नाव. जुन्या काळी मोजणीदारांनी ही दोन गावं मोजली तेव्हा या गावचा माणूस या काठावर थांबला, त्या गावचा त्या काठावर. नाला दोघांच्याही हद्दीबाहेर राहिला. त्याला ना या गावचा खसरा क्रमांक, म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा नंबर, ना त्या गावचा. दोन नकाशांच्या मध्ये जी जागा सुटली होती, तीच त्याची एकमेव नोंद. ती मी मिटवली.

हे मला कळलं चार वर्षांनी, पोळ्याच्या दिवशी. मी सायकलनं एका नातेवाइकाकडे निघालो होतो आणि नेमक्या त्या हद्दीवर कंबरभर पाण्यात एक तरणा शेतकरी बैल धूत होता. मी सायकल थांबवून विचारलं, "हा नाला कोणता?"

"शिंदीचा. काहून जी?"

"नकाशात नाही हा."

तो खदखदून हसला. "मंग नकाशाले आणा इथं. बैलासंगं त्यालेही धुऊन काढतो!"

त्या शेतकऱ्याचं नाव गुलाबराव. ते पुढे पुन्हा भेटणार आहेत.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन मी दोन्ही नकाशे काढले, फट मोजली. नाला तिथेच होता. साहेबांना सांगितलं. ते वाईट नव्हते, थकलेले होते. म्हणाले, "आराखडा मंजूर झाला आहे. दुरुस्ती म्हणजे फेरबदलाची सगळी कारवाई. चूक कोणाच्या हातून झाली ते लिहावं लागेल. तुमच्या बढतीची फाइल वर गेली आहे. बघा तुम्ही."

मी बघितलं. म्हणजे गप्प बसलो. यापलीकडचं मी अनेक वर्षं कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही; ते जिथे सांगावं लागलं तिथेच येईल.

नंतर तिथे लेआउट पडलं, म्हणजे शेतांचे प्लॉट पाडून वस्ती झाली. नाल्यात भराव गेला, वर रस्ते आले, घरं आली. लेआउटचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथं लोकांचे संसार आहेत आणि माझ्या लेखानं त्यांच्या घरांना डाग लागावा असं मला वाटत नाही. मी निवृत्त झालो. सक्करदऱ्याला तळ्यावर रोज सकाळी फिरायला जायचो, तळ्याचं पाणी बघायचो आणि दुसऱ्या एका पाण्याचा विचार टाळायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात मोठा पाऊस झाला आणि वर्तमानपत्रात त्या लेआउटचं नाव आलं. घरांत छातीभर पाणी. मी दुसऱ्याच दिवशी ऑटो करून गेलो. का गेलो, मला सांगता येत नाही. एका घराच्या ओट्यावर पन्नासेक स्टीलचे डबे धुऊन उलटे घातले होते आणि एक पन्नाशीच्या बाई बाजेवर ओली तूरडाळ पसरत होत्या. या शालिनीताई. नवरा गेल्यावर मुलांच्या होस्टेलांना जेवणाचे डबे पुरवून त्यांनी घर चालवलेलं.

"कोण पाहिजे काका?"

"पाणी कुठवर आलं होतं ते पाहायला आलो."

"या, दाखवतो. फुकटात पाहा." त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि भिंतीवरची चिखलाची रेघ दाखवली, गॅसच्या शेगडीच्या वर वीतभर. "दरसाल येते. कोणी म्हणते गटार चोक झालं, कोणी म्हणते आमच्या घराची दिशाच चुकली. मागच्या साली तं पूजाही केली. पाण्यानं परसादही खाल्ला नि घरातही आलं."

मी नाल्याचं नाव न काढता परत आलो. पण त्यानंतर तिथे जातच राहिलो. मग गेल्या वर्षी सुधारित विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला आणि लोकांच्या हरकती-सूचना मागवल्या गेल्या. नकाशे एका सभागृहात लावले होते. मी भिंग घेऊन गेलो आणि त्या लेआउटपाशी भिंग धरलं.

लेआउटच्या खालच्या टोकाला एक उघडं शेत अजून शिल्लक होतं. पावसाचं पाणी पहिल्यांदा तिथं पसरतं, मग उतरतं, म्हणून घरांत छातीच्या वर चढत नाही. नव्या मसुद्यात त्या शेतावर सार्वजनिक सभागृह आणि वाहनतळ दाखवलं होतं. म्हणजे तिथेही भराव. मग लेआउट म्हणजे नुसती परात, पाणी भरायला जागा, निघायला वाट नाही. हरकत घ्यायच्या मुदतीला अकरा दिवस उरले होते.

तिथे एक तरुण नियोजक मॅडम लोकांच्या शंकांना उत्तरं देत होत्या, माझ्या नातीच्या वयाच्या. मी त्यांना म्हटलं, "इथं नाला आहे."

त्यांनी संगणकावर जागा उघडली. "सर, सॅटेलाइटमध्ये दिसत नाही."

"दिसणार कसा? त्यात भराव आहे, वर घरं आहेत."

"जुन्या मंजूर आराखड्यातही नाही."

"तो आराखडा चुकला होता."

"हे सिद्ध कसं करणार, सर?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. टोमणा नव्हता. "तुमच्याकडे काही असेल तर द्या. मी स्वतः समितीपुढे ठेवीन."

घरी आलो तो अर्धा पळतच. कुसुमनं, माझ्या बायकोनं, दार उघडलं. "काय झालं जी? कोणी मागं लागलं काय?"

"माझ्या टेबलाचा दिवा कुठंय? आणि ती लांब पट्टी?"

"अडगळीत हाय. ह्या वयात आता कोणतं घर बांधून राहिले?"

मी त्या संध्याकाळी तिला फटीची गोष्ट सांगितली. सगळी नाही, पण फटीची. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मंग बसले काहून? अकराच दिवस हाय ना?"

गावनकाशांच्या नकला अर्ज करून कोणालाही मिळतात. चौथ्या दिवशी दोन्ही मौजांच्या नकला हातात आल्या आणि मी त्या टेबलावर पसरल्या. शिकलेलं विसरत नाही. फट तशीच होती, गव्हाच्या दाण्याएवढी. पण नुसती फट दाखवून उपयोग नव्हता. समिती म्हणणार, कागद आकसला असेल. मीही तेव्हा तेच म्हटलं होतं! ती फट कागदाची नसून जमिनीची आहे, हे दाखवायचं कसं? दोन दिवस डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचलं. देऊळ आणि विहीर! एक नाल्याच्या या बाजूला, एक त्या बाजूला. मी फट मिटवली असेल तर माझ्या आराखड्यात देऊळ आणि विहीर खऱ्यापेक्षा जवळ आली असणार. किती जवळ? नाल्याच्या रुंदीइतकी. दोन्ही जागा जमिनीवर सापडल्या पाहिजेत, बस.

देऊळ सापडलं लगेच, टाइल्स लावलेलं. विहीर मात्र कोणाला माहीत नव्हती. जुन्या वस्तीत गुलाबरावांचा पत्ता विचारत गेलो. बैल धुणारा तो तरणा आता ऐंशीचा होता, पायरीवर बसून शेंगा फोडत होता.

"ओळखलं काय?" मी विचारलं.

त्यांनी डोळे बारीक केले. "नकाशावाला बाबू! आला काय गा तू? नाला पाहाले लय उशीर केला!"

"विहीर कुठंय, गुलाबराव?"

"विहिरीवर तं पोट्टे क्रिकेट खेळतात. स्लॅब टाकला ना तिच्यावर." शेंगा तशाच टाकून ते उठले. "चल, दाखवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही टेप घेऊन उतरलो. गुलाबराव, शालिनीताई आणि मी. नशिबानं लेआउटचा एक रस्ता देवळाच्या तोंडासमोरून सरळ विहिरीच्या स्लॅबपर्यंत जात होता. शालिनीताईंनी कुकर लावून शेजारणीला शिट्ट्या मोजायला बसवलं आणि टेपचं टोक धरलं. तीस मीटर मोजायचे, खडूनं खूण करायची, पुढे सरकायचं. पाच मिनिटांत घरोघरची दारं उघडली.

"काय हो, रस्ता रुंद होऊन राहिला काय?"

"घरं पाडाले आले काय?"

गुलाबराव मोठ्यानं म्हणाले, "काही नाही, मारुतीची नि विहिरीची सोयरीक हाय, अंतर पाहून राहिलो!"

देऊळ ते विहीर भरलं दोनशे चौदा मीटर. खात्रीसाठी उलटं मोजलं. दोनशे चौदाच. मंजूर आराखड्याची प्रत मी घरून मोजून आणली होती. तिच्यावर हेच अंतर होतं एकशे त्र्याण्णव. एकवीस मीटर गायब! आता खालचं उघडं शेत. तिथे नाल्याचा एक तुकडा शिल्लक होता, दोन्ही काठांवर म्हातारी शिंदीची झाडं उभी. मी स्वतः बोरी-बाभळीतून उतरलो, पँट फाटली, टेप काठापासून काठाला लावला.

"किती?" शालिनीताई वरून ओरडल्या.

"एकवीस!"

"खरं सांगा काका!"

"एकवीस आणि वर चार बोटं!"

मी तिथं खड्ड्यात उभा राहून दोन्ही हात वर केले. नाचलोच म्हणा ना. गुलाबराव काठावरून म्हणाले, "नाचू नको बाबू, कमरेत लचक भरन तं आम्हालेच उचला लागन."

मुदतीच्या दोन दिवस आधी आमची हरकत दाखल झाली. शालिनीताई, गुलाबराव, लेआउटमधली सत्तर-ऐंशी घरं आणि सगळ्यांत खाली मी.

सुनावणीचा दिवस महिनाभरानं आला. मोठं सभागृह, समोर समितीचे पाच जण, प्रत्येक हरकतीला थोडा वेळ. आमचा क्रमांक पुकारला गेला. अध्यक्षांनी कागद चाळले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आजोबा, मंजूर आराखड्यात इथं काहीच नाही. हा नाला आता कुठून आणला?"

"आणला नाही साहेब. नेला होता. मीच."

सभागृहात हशा पिकला आणि लगेच थांबला. मी दोन्ही मौजांचे नकाशे पारदर्शक कागदावर उतरवून नेले होते. ते समितीच्या टेबलावर पसरले. पाचही जण वाकले. मी दोन बोटांनी खालचा कागद सरकवून हद्दीला हद्द भिडवली. "हा तुमचा मंजूर आराखडा. देऊळ ते विहीर एकशे त्र्याण्णव." मग कागद मागे घेतला. फट उघडली. "हे जुने नकाशे मुळात असे आहेत. देऊळ ते विहीर दोनशे चौदा. जमिनीवरही दोनशे चौदाच. गेल्या महिन्यात मोजलं. मधले एकवीस मीटर म्हणजे हा नाला."

नियोजक मॅडमनी स्वतः पट्टी लावून मोजलं. अध्यक्षांकडे पाहून मान हलवली. अध्यक्षांनी दोन्ही कागद आपल्या हातानं सरकवून पाहिले: मिटवले, उघडले, पुन्हा मिटवले. त्यांच्या चेहऱ्यावर कुतूहल होतं, लहान मुलासारखं. मला वाटलं, जिंकलो.

मग त्यांनी एक जुनी फाइल पुढे ओढली. "जुळणीत चूक झाली असेल, मान्य. पण लेआउट मंजूर करण्याआधी जागेची पाहणी झाली होती." त्यांनी वाचलं, "'जागेवर नाला अगर ओढा आढळून येत नाही.' नकाशा चुकला तरी माणसानं डोळ्यांनी पाहिलंय ना? आम्ही याच्यावर विश्वास ठेवायचा की तुमच्यावर? सही वाचता येत नाही. कोणाची आहे ही?"

हीच ती गोष्ट, जी मी कोणाला सांगितली नव्हती. माझ्या एका बाजूला गुलाबराव होते, दुसऱ्या बाजूला शालिनीताई. दोघांनाही मी फटीपुरतंच सांगितलं होतं; त्यांना वाटत होतं, हा म्हातारा नकळत झालेली चूक निस्तरायला आला आहे. त्या क्षणी मला पळून जावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण मी गप्प राहिलो असतो तर ते एक वाक्य नाल्यावर पुन्हा भराव टाकून गेलं असतं.

"माझी आहे," मी म्हणालो. "मला नाला माहीत होता. पोळ्याला त्यात पाणी पाहिलं होतं. लेआउटची पाहणी माझ्याकडे आली, तेव्हा मी मुद्दाम मे महिन्याची तारीख मागून घेतली. पाणी नव्हतं, म्हणून नाला आढळला नाही असं लिहिलं. माझी बढती अडू नये म्हणून. पहिली चूक हाताची होती साहेब. ही मी केली."

मॅडमनी खाली पाहिलं. अध्यक्षांनी बराच वेळ ती सही पाहिली, मग विचारलं, "हे लेखी द्याल?"

"आत्ता देतो."

मी तिथंच उभ्यानं लिहून दिलं, तारीख घालून, सही अगदी वाचता येईल अशी करून. समितीनं संयुक्त मोजणी करायला सांगितलं. म्हणजे मोजणीदार, नियोजक आणि हरकतदार, सगळ्यांनी मिळून जागेवर नाला आखायचा.

बाहेर आल्यावर गुलाबरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मले वाटलंच होतं गा. बैल धुताना तुझं तोंड पाहिलं होतं मी." शालिनीताई मात्र ऑटोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि उतरून सरळ घरात गेल्या. त्यांच्या दारात पुन्हा जायची माझी हिंमत झाली नाही.

मोजणीच्या दिवशी जावंच लागलं. मोजणीदाराचं यंत्र, मॅडमचा टॅब, गुलाबरावांची काठी. शेतापासून सुरुवात झाली. शिंदीच्या झाडांवरून दोन्ही काठ धरत धरत आम्ही वर सरकलो. प्रत्येक वळण गुलाबराव आधी सांगत आणि यंत्र नंतर दाखवत. मॅडम इतक्या खूश झाल्या की काठावर ठोकलेल्या दर खुंटीला "येस्स!" म्हणत होत्या. काय सकाळ होती ती! नाला उघडत होता, रस्त्याखालून, गेटांखालून, पार्किंगच्या फरशांखालून. मला तर पाण्याचा आवाजही येत होता.

आणि काठाची रेघ शालिनीताईंच्या घरात शिरली. स्वयंपाकघराचा कोपरा, गॅसचा ओटा, सगळा नाल्यात.

मोजणीदार दारात थांबला. मी आत गेलो. शालिनीताई पोळ्या लाटत होत्या. मी हळूच म्हटलं, "ताई, काठाची रेघ तुमच्या ओट्यावरून जाते. पण नकाशावर रेघ अर्धा मिलिमीटर जाडीची असते, म्हणजे जमिनीवर दोन मीटर. मी मोजणीदाराशी बोलतो. रेघ तेवढी बाहेरून घेऊ. तुमचा ओटा वाचेल. कोणाला कळणारही नाही."

त्यांनी लाटणं थांबवलं. महिन्याभरात पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"आणि पाण्याले कोण सांगन, दोन मीटर बाहेरून जा म्हणून?"

त्या पुन्हा लाटायला लागल्या.

"काका, तुमाले माहीत हाय का, तुम्ही पुन्हा तेच करून राहिले? तेव्हा स्वतःसाठी केलं. आता माझ्यासाठी करून राहिले. पाण्याले काय फरक पडते?" पोळी तव्यावर टाकत त्या म्हणाल्या, "घराचं काय व्हायचं ते होवो. त्याच्यासाठी मी भांडन, तुम्हीही या भांडाले. पण रेघ जिथं हाय तिथंच मारा."

उघड्या शेतावरचं सभागृह आणि वाहनतळ समितीनं शिफारशीत वगळलं आहे. नाला निळ्या रेघेनं दाखवला आहे. अंतिम मंजुरी अजून यायची आहे आणि त्या रेघेवरच्या घरांचं काय करायचं, त्यासाठीचा आमचा अर्ज वर गेला आहे. शालिनीताईंची सही पहिली, माझी दुसरी. पण हे सगळं नंतरचं.

त्या सकाळी मी बाहेर येऊन मोजणीदाराला म्हटलं, "आत या. खुंटी ओट्यापाशी."

त्यानं हातोडा घेतला. फरशी फुटली, तिचा एक तुकडा उडून मोरीपाशी गेला. शालिनीताईंनी तो उचलून खिडकीत ठेवला, पदरानं ओटा पुसला आणि डबे भरायला घेतले. साडेदहाला होस्टेलचा माणूस यायचा होता.